बारशाआधीचे कागद

म्युनिक

प्रिय मंजू,

तुझं पत्र वाचल्यावर आधी आईला फोन केला. तुझी गोड बातमी ऐकून ती डिंकाचे लाडू वळायलाच बसायच्या बेतात आहे. टोरांटोला पाठवायचे कसे, ते तुम्ही दोघी बघा.

आता तुझा प्रश्न: बाळाचा पासपोर्ट कुठला काढायचा? तुझी आणि माझी वाट इथेच वेगळी होते गं. जर्मनीत नुसतं जन्मल्यानं मूल जर्मन होत नाही. परदेशी आईबापांपैकी एकाचं इथे पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा हक्क लागतो. 2024च्या जूनपर्यंत तर आठ वर्षं लागायची. आमच्याकडे हे काहीच नव्हतं, म्हणून आमच्या लेकीसाठी, चिऊसाठी, भारतीय पासपोर्ट हा एकच रस्ता होता. आणि तोही आपोआप मिळत नाही. 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत झाली, तरच ते वंशानं भारतीय. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी मागावी लागते. म्हणजे नोंद होईपर्यंत आपली लेक कुठल्याच देशाची नागरिक नाही! हे कळल्यावर मला झोप लागेना. ओली बाळंतीण असूनही मी रात्री चिऊला मांडीवर घेऊन अर्ज भरत बसायचे.

तेव्हाच कायदा वाचला. 10 डिसेंबर 1992च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं भारतीय व्हायचं तर वडीलच भारतीय असावे लागत. आई भारतीय असून भागत नसे. आपण दोघी जन्मलो तेव्हा हा नियम होता, मंजू. नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईचं नागरिकत्व पोटच्या पोराला देता येऊ नये, याचा मला अजून राग येतो. अर्जावर आईच्या रकान्यात सही करताना म्हणूनच माझा ऊर भरून आला होता.

नाव मात्र आत्तापासून ठरवून ठेव. इथे जन्माची वर्दी आठवड्याच्या आत द्यावी लागते आणि रुग्णालयात नावाचा कागद लगेच पुढे येतो. नाव सांगायला महिनाभर मिळतो, पण नावाशिवाय दाखला नाही आणि दाखल्याशिवाय पुढचं काहीच नाही. आमच्या चिऊचं नाव सरकारदरबारी आधी लागलं. बाराव्या दिवशी आत्यानं नाशिकहून व्हिडिओ कॉलवर कुर्र केलं. तुमच्या ओंटारिओत नोंदणीला तीस दिवस मिळतात, तेव्हा तुमच्याकडे बारसं आधी होऊ शकेल.

खरा घोळ मधल्या नावाचा. आपल्या पासपोर्टात आडनावाचा एक रकाना आणि उरलेल्या सगळ्या नावाचा दुसरा. वडिलांचं नाव लिहायचं तर ते या दुसऱ्यात, बाळाच्या नावाला चिकटून जातं. जर्मन दाखल्यातही तसंच. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावतात. मला ते फार आवडलं; पण इथल्या दाखल्याला तो नियम लागू नाही. आम्ही नुसतं नाव आणि आडनाव ठेवलं. तुम्ही काय ते दोघं बसून ठरवा, पण पहिल्या जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच अक्षरन् अक्षर पुढच्या प्रत्येक कागदावर जाईल, एवढं सासूबाईंनाही समजावून सांग.

फोटोसाठी पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवायचं, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. इथले फोटोवाले सवयीनं 35 बाय 45 मिलिमीटरचा कापतात. आपल्याला तेव्हा दोन इंची चौकोनी लागायचा. सहीच्या जागी अंगठा, मुलीचा उजवा, मुलाचा डावा. इवलीशी मूठ उघडेपर्यंत तिचे बाबा शाईचं पॅड धरून उभे! शिवाय बाळाच्या इथल्या रहिवासाचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो आणि त्याला आधी पासपोर्ट हवा, त्यामुळे आम्हाला श्वास घ्यायला उसंत नव्हती.

तुझं बाळ मात्र कॅनडात जन्मल्या क्षणी कॅनडाचं नागरिक. भारतीय वकिलातीत नोंद करायची तर बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. आणि कॅनडाच्या नागरिकाला विमानानं परत टोरांटोला यायचं तर कॅनडाचाच पासपोर्ट लागतो. भारतीय पासपोर्टावर बाळाला आजीकडे नेशील, परतताना अडशील. म्हणून माझं स्पष्ट मत, कॅनडाचा पासपोर्ट काढ आणि त्यावर ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, घे. कॅनडाच्या अर्जाला जामीनदार लागतो: तिथला पासपोर्ट असलेला आणि तुला निदान दोन वर्षं ओळखणारा. असा माणूस आत्ताच हेरून ठेव. जन्मदाखला आईवडिलांच्या नावांसकट असलेला सविस्तर मागव. आणि तुमच्या लग्नाची नोंदणी झालीय ना? ओसीआयला विवाहाचा दाखला लागतो. तो राहिला असेल तर काकांना आजच महापालिकेत चौकशीला पाठव.

काका म्हणाले म्हणे, की मग नातवंड आपलं राहणार नाही. त्यांना सांग, ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे हे खरं. मत देता येणार नाही, शेतजमीन विकत घेता येणार नाही. पण पिंपळगावचा द्राक्षमळा वारशानं मिळू शकतो. व्हिसा न मागता नातवंड आयुष्यभर कधीही येईल, हवं तितकं राहील, तिथे शिकेल, नोकरीही करेल. मला विचारशील तर यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. बाळाला मराठी बोलायला शिकवणं आपल्या हातात आहे, ते कुठल्याही पासपोर्टावर करता येतं.

आधार कार्डाची घाई कुणी करत असेल तर थांबव. त्यासाठी भारतातच जावं लागतं, आणि ओसीआयवाल्यांना आधीच्या वर्षभरात 182 दिवस तिथे राहिल्याशिवाय मिळत नाही.

मी केलेल्या कागदांची यादी वेगळी पाठवते. त्यातलं जर्मनीपुरतं आहे ते खोडलंय. रविवारी तुझी सकाळ झाली की फोन कर, नावांची यादी घेऊनच बस. मुलीची नावं मी आधीच काढून ठेवलीत.

तुझीच,
सुमी