पहिल्या झोपेचा हक्क

दिवाळी सरली की वऱ्हाडात हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताची धांदल सुरू होते आणि अमरावतीतल्या माझ्या दवाखान्यात एक तक्रार वारंवार ऐकू येऊ लागते. तिवसा तालुक्यातला, कौंडण्यपूरच्या आसपासच्या एखाद्या गावचा शेतकरी समोर बसतो आणि सांगतो, "डाक्टर सायेब, तास मोजले तं झोप पुरी होते, पन उठलो का आंग आंबल्यावानी रायते. कोनाशी काय बोललो तेही ध्यानात रायत नाही."

त्याचा हिशेब खरा असतो. जेवून नवाला पाठ टेकली, साडेदहाला लाइन आली म्हणून वावरात गेला, मोटर लावली. बांधावर तासभर डोळा लागला, पाणी दुसऱ्या सरीत घालायला उठला, पुन्हा आडवा झाला, पुन्हा उठला. पहाटे घरी दीड तास, दुपारी निंबाखाली दीड तास. बेरीज सहा-सात तासांची भरते. पण झोपेचे सगळे तास सारख्या मोलाचे नसतात, आणि तुकड्यातुकड्यांत सर्वांत आधी हरवतात ते सर्वांत मोलाचे तास.

जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा टिपल्या. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत मधूनमधून बंद पापण्यांखाली डोळे वेगानं फिरतात. ठळक स्वप्नं बहुतेक याच काळात पडतात. ही 'रेम' झोप. बाकीची सगळी 'नॉन-रेम'. प्रौढ माणसाच्या रात्रीचा जवळजवळ ७५ ते ८० टक्के वाटा तिचा असतो.

नॉन-रेमच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत माणूस जागेपणातून निसटतो. हाक मारली तर "मी जागाच होतो" म्हणतो. दुसरीत मेंदूत 'स्पिंडल' नावाच्या, सेकंदाला अकरा ते सोळा वेळा हलणाऱ्या लहरींचे छोटे झुबके उमटतात. तिसरी पायरी गाढ झोपेची. इथे लहरी संथ होतात, सेकंदाला एक-दोन किंवा त्याहूनही कमी, पण उंचच उंच. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या असंख्य पेशी एकाच लयीत गप्प होतात आणि एकाच लयीत बोलू लागतात. साधारण दीड तासाचं एक चक्र, अशी चार-पाच चक्रं रात्रभरात होतात. आणि या गाढ झोपेचा मोठा हिस्सा पहिल्या दोन चक्रांतच उरकतो. पहाटेच्या चक्रांत रेम वाढते. म्हणून झोप लागल्यापासूनचे पहिले तीन-साडेतीन तास मोडले की नुकसान फार होतं.

या तासांत शरीर काय करतं? वाढीचं संप्रेरक दिवसभरातला आपला सर्वांत मोठा झोत साधारणपणे पहिल्या गाढ झोपेतच सोडतं. मुलांची वाढ आणि मोठ्यांच्या स्नायूंची डागडुजी त्यावर चालते. नाडी मंदावते, रक्तदाब दिवसाच्या मानानं दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. ज्यांचा तो रात्रीही उतरत नाही, त्यांच्या हृदयाला आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना धोका जास्त. साखरेचा संबंध तर थेट आहे. शिकागोतल्या एस्रा तसाली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नऊ निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग मी मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला सांगतो. त्या तरुणांना रात्री जागं केलं नाही, झोपेचे तासही कमी केले नाहीत. गाढ लहरी दिसल्या की फक्त आवाज करून झोप उथळ केली. तीन रात्रींत त्यांच्या शरीराची इन्शुलिनला मिळणारी साथ सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटली. तास तेवढेच, खोली गेली, आणि साखर बिघडली.

मेंदूची कामं आणखी वेगळी. दिवसभर हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरत्या नोंदलेल्या आठवणी गाढ झोपेत पुन्हा उजळल्या जातात आणि मेंदूच्या बाह्यपटलात पक्क्या होऊ लागतात. संथ लहर आणि स्पिंडल यांचा मेळ जमला की हे काम नीट होतं. साफसफाईही याच वेळची. रोचेस्टर विद्यापीठातल्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं की झोपेत पेशींमधली मोकळी जागा सुमारे साठ टक्क्यांनी वाढते आणि तिथून फिरणारा द्राव बीटा-ॲमिलॉइडसारखा टाकाऊ मळ वाहून नेतो. दांडातून सोडलेलं पाणी सरीसरीत फिरावं तसं. या सफाईचा नेमका वेग किती यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण माणसाच्या नॉन-रेम झोपेत मेंदूभोवतालच्या द्रवाच्या मोठ्या, संथ लाटा उठतात हे २०१९ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी स्कॅनवर पाहिलं आहे.

आता जागलीकडे येऊ. रोही आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा राखायला माणूस मचाणावर झोपतो. "निजतोच की तिथं," असं घरचे म्हणतात. तो निजतो, पण कान उघडे ठेवून. जहाजावरच्या इंजिनिअरांचा असाच अभ्यास १९८० च्या दशकात स्वीडिश संशोधकांनी केला: रात्री कधीही हाक येऊ शकते अशा पाळीत त्यांची गाढ झोप घटली, आणि हाक येण्याआधीची झोपही उथळच होती. धास्ती हीसुद्धा झोप मोडते.

एखाद्या रात्रीच्या जागरणाचं मला भय नाही. कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर. इथून आषाढीला पायी पालखी निघते, कार्तिकात यात्रा भरते, एकादशीला रात्रभर भजन चालतं. शरीर ती रात्र सोसतं, कारण जागेपणाचे तास वाढले की गाढ झोपेची ओढही वाढते आणि दुसऱ्या रात्री मेंदू आधी तीच वसूल करतो. पण ओलीत आणि जागल महिनोन्महिने चालते. वसुलीची रात्रच येत नाही.

म्हणून मी रुग्णांना जे सांगतो, ते इथेही सांगतो. लाइन मध्यरात्री येणार असेल तर संध्याकाळी लवकर जेवून आठलाच झोपा. अखंड साडेतीन तास मिळाले तरी गाढ झोपेचा बराच वाटा पदरात पडतो. त्या दिवशी दुपारनंतर चहा नको, कारण चहातलं कॅफीन झोपेची ओढ झाकून टाकतं. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास मेंदू पुरता जागा नसतो. तेवढा वेळ ओल्या हातानं, अनवाणी स्टार्टरच्या पेटीला हात लावू नका, अंधारात बांधावर पाय टाकू नका. थकवा जावा म्हणून दारू घेऊ नका; ती लवकर निजवते आणि रात्रीचा उत्तरार्ध फोडून काढते. जुन्या धाटणीच्या झोपेच्या गोळ्यांनी तास वाढतात, गाढ लहरी मात्र कमी होतात, तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. आणि चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम सोडूही नका. मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तपासणी करून घ्या. तो आजार गाढ झोपेला दर थोड्या वेळानं धक्का देतो. जागल एकट्यावर टाकू नका. शेजारच्या वावरांनी पाळी लावली तर प्रत्येकाला काही रात्री घरी, निर्धास्त झोपता येईल.

तरीही हे सगळे एकेकट्या माणसाचे उपाय आहेत, आणि दुखणं एकट्याचं नाही. राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला; कृषिपंपांना दिवसा वीज देणं हा तिचा हेतू. तिच्याकडे आजवर आपण विजेचा आणि पिकाचा प्रश्न म्हणून पाहत आलो. माझ्या लेखी ती रक्तदाबाची, मधुमेहाची, स्मरणशक्तीची आणि अपघात टाळण्याचीही योजना आहे. ग्रामसभेत दिवसाच्या विजेचा ठराव मांडाल तेव्हा गावातल्या आरोग्यसेविकेला आणि डॉक्टरलाही बोलायला उभं करा. रात्रीचे पहिले साडेतीन तास शांत झोपायला मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तो आपण सर्वांनी मिळून मागायला हवा.