तांबडी पेन्सिल

जबलपूरच्या गोलबाजार भागात राहणाऱ्या अप्पांच्या टेबलावर टोक केलेली एक तांबडी पेन्सिल कायम पडलेली असते. शाळेच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे उलटून गेली. शाळा सुटली, पेन्सिल सुटली नाही. घरी लग्नपत्रिका आली की ती प्रथम या पेन्सिलीखालून जाते आणि मगच मुहूर्त पाहिला जातो. ‘आशिर्वाद’मधील शि दीर्घ होते, ‘आणी’मधील णी ऱ्हस्व होते, ‘कि’ची ‘की’ होते. एकदा एका स्नेह्याच्या दिवसकार्याचे पत्र आले असता त्यावरील ‘विधि’ हा शब्दही त्यांनी दीर्घ केला. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “अहो, गेलेल्या माणसाच्या कागदाला तरी सोडा!” अप्पांनी पेन्सिल खाली ठेवली, पण चूक दुरुस्त झाल्यावर.

या चिडीला निव्वळ पंतोजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर, न्यायालयात किंवा बसच्या तिकिटावर आपली भाषा दिसत नाही, तेथे भाषेचे अस्तित्व उरते ते घरगुती कागदांत: पत्रिकांत, देवळाच्या सूचनाफलकावर, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत. कागद एवढे थोडे असले म्हणजे त्यांवरील प्रत्येक वेलांटी मोलाची वाटू लागते. पुण्यातील चुकीच्या पाटीवर हसता येते, कारण तिच्या शेजारी दहा बरोबर पाट्या असतात. जबलपुरात ती चुकीची पाटीच एकुलती एक असते.

येथील मराठी वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांची सागरकडील सत्ता आणि त्यानंतर नागपूरकर भोसले यांच्यामागोमाग अनेक कुटुंबे नर्मदेच्या या खोऱ्यात आली. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपुरात असल्याने कारकून, वकील, शिक्षक यांची ये-जा चालू राहिली. मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा आहेत, असे १९५० च्या कायद्याने ठरले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि येथील मराठी माणूस जागचा न हलता परप्रांतीय झाला. अप्पा त्या वेळी तेरा वर्षांचे होते.

त्यांच्या शुद्धलेखनाचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता, आणि तोही जुन्या पद्धतीचा. ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘केलें’ असे अनुच्चारित अनुस्वार गाळले तर छडी बसे. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि हे अनुस्वार एका फटक्यात गेले. ‘कवि’चा ‘कवी’ आणि ‘गुरु’चा ‘गुरू’ झाला. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. काल ज्यासाठी मार खाल्ला तेच आज गाळायचे, हे अप्पांनी निमूटपणे शिकून घेतले. त्यांच्या वडिलांनी मात्र ते कधीच मानले नाही. त्यांची पत्रे अखेरपर्यंत ‘पैसे पोंचले, काळजी करूं नये’ अशीच येत राहिली. त्या पत्रांना तांबडी पेन्सिल लागलेली नाही. नियम मोडणारा बाप आणि नियम मोडणारा पत्रिका छापणारा यांत अप्पा हा जो भेद करीत, त्याचे व्याकरणात समर्थन सापडणार नाही.

खरी अडचण निराळीच आहे. जबलपुरात मराठीच्या म्हणून ज्या चुका दिसतात, त्यांतील पुष्कळशा दुसऱ्या भाषेतील बरोबर गोष्टी आहेत. ‘कवि’ आणि ‘गुरु’ हिंदीत ऱ्हस्वान्तच शुद्ध. तेथे ‘कि’ हे उभयान्वयी अव्यय ऱ्हस्व लिहिले नाही तर हिंदीचा शिक्षक गुण कापतो. ‘पुस्तक’ हिंदीत स्त्रीलिंगी. म्हणून मूल ‘माझी पुस्तक’ लिहिते. या मुलाला व्याकरण येत नाही असे म्हणता येत नाही. त्याला व्याकरण येते, पण ते शेजारच्या घरचे.

आणि शेजारचे घर काही सामान्य नव्हे. हिंदीचे पाणिनी म्हणून गौरवले गेलेले कामताप्रसाद गुरु याच शहरात राहिले आणि १९४७ साली येथेच वारले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेले त्यांचे ‘हिंदी व्याकरण’ आजही प्रमाण मानले जाते. ते लिहिताना मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चे साहाय्य त्यांना झाले होते. (दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. एकाच घरात एकाने जुनी चौकट मोडावी आणि दुसऱ्याने नवी बसवावी, हा योग मोठा मौजेचा आहे.) ज्या हिंदी शुद्धतेच्या भाराखाली जबलपूरची मराठी वाकते आहे, तिच्या पायातील काही दगड मराठी खाणीतून आलेले आहेत. अप्पा ही गोष्ट अभिमानाने सांगत. पण तिचा आपल्या पेन्सिलीशी काही संबंध असेल, असे त्यांच्या मनात येत नसे.

शुद्धाशुद्धाचा हा वाद या मातीला नवाही नाही. भेडाघाटच्या वाटेवरील तेवर हे खेडे म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. आपल्या पूर्वजाला महाराष्ट्राचा चूडामणी म्हणविणारा राजशेखर दहाव्या शतकात या दरबारात वावरला. कोणत्या प्रांतातील लोक संस्कृत आणि प्राकृत कसे उच्चारतात याची त्याने ‘काव्यमीमांसे’त मनमुराद थट्टा केली आहे, काश्मीरकरांचे पठण त्याला कानात गुळवेलीचा रस ओतल्यासारखे वाटे. पुढे त्याच्यावरच पाळी आली. स्टेन कोनो यांनी १९०१ मध्ये ‘कर्पूरमंजरी’ संपादित केली, तेव्हा राजशेखराने शौरसेनी आणि माहाराष्ट्री यांची गल्लत केली आहे असा त्यांचा निष्कर्ष झाला, आणि व्याकरणकारांच्या आधारे गद्यातील रूपे त्यांनी शौरसेनीकडे वळवली. मनमोहन घोष यांना नंतर हे मान्य झाले नाही. त्यांच्या मते सारे सट्टक शौरसेनीतच होते. हजार वर्षांपूर्वीच्या कवीच्या वहीवरही तांबडी पेन्सिल फिरली आणि ती कोठे चुकली याची चर्चा विद्वान करीत राहिले.

अप्पांच्या बाबतीत चर्चा करणारे कोणी नव्हते. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नातीने ‘माझी आजी’ हा लेख लिहून दिला. मुलगी महाविद्यालयात शिकणारी, मराठी शाळेचे तोंड न पाहिलेली. कोणी न सांगता तिने मराठीत लिहिले होते. मुद्रिते तपासणे अप्पांकडे असल्याने लेख त्यांच्याकडे आला. ‘आजीजवळ सगल्यांसाठी वेल होता.’ ‘तिचे डोले काले होते.’ ‘आजी आमच्यासाठी खूप चेष्टा करायची.’ ‘आजीने मला चांगली शिक्षा दिली.’ ज्या बहिणीने जन्मात कोणाला बोट लावले नव्हते, तिने नातीला चांगली शिक्षा दिल्याचे वाचून अप्पा आधी हसले आणि मग त्यांना संताप आला. सत्तेचाळीस ठिकाणी खुणा झाल्या. शेवटी ‘प्रयत्न स्तुत्य’ असा शेरा मारून कागद परत गेला. लेख सुधारून छापला गेला, स्वच्छ आणि निर्दोष. त्यातील आजी शिक्षण देत होती, कष्ट करीत होती, आणि तिच्याजवळ वेळ होता.

पुढच्या वर्षी तिचा लेख आला तो हिंदीत. दादीच्या हातच्या पुरणपोळीवर होता. भाषा इतकी नेटकी की पेन्सिलीला एकही जागा सापडेना. अप्पांनी तो दोनदा वाचला. पुतणीकडे सहज चौकशी केल्यासारखे केले, तेव्हा ती म्हणाली, “अप्पा, ती म्हणते, हिंदीत लिहिलं की कुणी हसत नाही.”

त्या संध्याकाळी ते मागच्या वर्षीचा कागद घेऊन तिच्याकडे गेले. “वाचून दाखव,” म्हणाले. मुलगी बावरली. तांबड्या खुणांनी भरलेला तो कागद तिने ओळखला होता. “अप्पाआजोबा, तो जुना झाला.” “वाच तर.”

ती वाचू लागली आणि अप्पा ऐकू लागले. ‘कि’ आणि ‘की’ यांतील फरक कानाला कळत नव्हता. ‘कवि’ती दीर्घच उच्चारीत होती, १९६२ च्या नियमाला जो उच्चार अभिप्रेत आहे तोच. अर्ध्या चुका वाचता वाचता गळून पडल्या. ‘माझी पुस्तक’ मात्र खटकली, ‘शिक्षा’ही खटकली. पण ‘वेल’ असे लिहिलेले ती ‘वेळ’ असे वाचत होती. ‘डोले’ नव्हे, ‘डोळे’. ‘सगल्यांसाठी’ नव्हे, ‘सगळ्यांसाठी’. ळ तिच्या जिभेवर स्वच्छ होता, तिच्या आजीच्या जिभेवर होता तसाच. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत असलेले हे अक्षर हिंदीच्या वर्णमालेत नाही, त्यामुळे शाळेत ते तिला कोणी गिरवायला दिले नव्हते. घरात सारेच ते बोलत होते. लिहून दाखवण्याचे कोणाला सुचले नव्हते. पाव शतकाहून अधिक काळ शाळेत शिकवलेल्या अप्पांनाही नाही.

“शिक्षा म्हणजे काय ग?” त्यांनी विचारले.

“शिकवणं. म्हणजे तुम्ही देता ना, ते.”

ते हसले, तीही मग हसली, कारण अर्थ तिला सांगावा लागला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. आज ती तांबडी नव्हती. कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला एक मोठा ळ काढला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने त्या दोन वळशांकडे पाहिले.

“अप्पाआजोबा, हा सुरू कुठून करायचा?”