सव्वा सातचा सराव

माझा धाकटा अकरा वर्षांचा होता, तेव्हा जवळजवळ सगळा हंगाम मी त्याचे सामने गाडीच्या काचेतून पाहिले. रविवारी सकाळी त्याला मैदानावर सोडायचे, गाडी कुंपणाला लावायची आणि आत बसून राहायचे. पाऊस नसला तरी. कडेला उभ्या असलेल्या आयांमध्ये डोक्यावर ओढणी घेतलेली मी एकटीच दिसेन, क्लबच्या इमारतीत दारूचा बार आहे, आणि या लोकांशी बोलायचे तरी काय, अशी तीन कारणे मी स्वतःला देत असे. तिन्ही खोटी नव्हती. पण त्यांच्या आडून मी काय टाळत होते, ते मला पुढच्या वर्षी कळले.

आमचे घर वेस्ट यॉर्कशायरमधल्या एका जुन्या गिरणगावात आहे. माझे सासरे रत्नागिरीकडचे. साठच्या दशकात जहाजावरची नोकरी सोडून ते इथल्या लोकरीच्या गिरणीत रात्रपाळीला लागले. आज गिरणी नाही, पण मोहल्ला आहे. शेजार बहुतेक गुजराती आणि पाकिस्तानी. कोकणी घरे बोटांवर मोजण्याइतकी. मी दापोली तालुक्यातून लग्न होऊन आले, तेव्हा वाटले होते की इंग्लंड म्हणजे फुटबॉल आणि क्रिकेट. या भागात मात्र जुन्या लोकांच्या तोंडी तिसराच खेळ असतो, रग्बी लीग.

खेळ थोडक्यात सांगते. मोठ्यांच्या संघात १३ खेळाडू. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पुढे पळायचे, पण साथीदाराकडे फेकायचा तो मागेच. समोरचे धरून पाडतात. पडलेला उठतो, चेंडू पायाने मागे ढकलतो आणि खेळ पुन्हा सुरू. सहा वेळा पकडले गेलात की चेंडू दुसऱ्या संघाकडे. रेषेपार नेऊन टेकवला की चार गुण, मग दोन खांबांमधून लाथ मारून पार केला की आणखी दोन. मी पहिल्यांदा पाहून घाबरले, तेव्हा आमचे हे म्हणाले, “अगं, हुतूतू आहे, फक्त हातात चेंडू.” त्यानंतर मला हा खेळ कळू लागला.

क्लबच्या सेक्रेटरी सत्तरी ओलांडलेल्या बाई. येईल त्याला ‘लव्ह’ म्हणून हाक मारणाऱ्या. एका रविवारी त्यांनी चहाचा कप घेऊन माझ्या गाडीच्या काचेवर टकटक केली. म्हणाल्या, “तुमच्या मुलाच्या संघाला कागदपत्रे सांभाळणारे माणूस हवे आहे. आठवड्याला दोन-तीन तासांचे काम. कराल का?” मी चहा घेतला आणि म्हटले, “मला वेळ नाही हो.” त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या गाडीकडे गेल्या.

पुढच्या हंगामात धाकटा बारा वर्षांखालच्या गटात गेला. त्याहून लहानांच्या सामन्यांत गुणतक्ता ठेवत नाहीत, मुलांनी फक्त खेळावे एवढाच हेतू असतो. बारापासून खरी स्पर्धा सुरू होते. गट, गुण, वर-खाली जाणे. संघात १६ मुले होती, त्यातली सात आमच्या मोहल्ल्यातली. आमच्याकडे मुले शाळा सुटल्यावर पाच ते सात मदरशात असतात. क्लबचा सराव बुधवारी सहाला. मग आमची मुले एक तर येत नसत, नाही तर सराव संपताना धावत येत. आणि प्रशिक्षकांचा नियम असा, की जो सरावाला नाही तो सामन्यात सुरुवातीला बाकावर. नियम योग्यच होता. बाकावर बसून कंटाळलेली मुले हळूहळू यायची थांबली. आईवडिलांनी विचार केला, अभ्यासाला वेळ मिळेल. कुणी क्लबला कारण सांगितले नाही, क्लबने कुणाला विचारले नाही.

जुलैमध्ये एका रविवारी संघ उभा करायला मुलेच पुरली नाहीत. सामना न खेळता प्रतिस्पर्ध्यांना दिला गेला. पुन्हा तसेच झाले. तिसऱ्यांदा क्लबने संघच स्पर्धेतून मागे घेतला. लीगला दोष देता येत नव्हता. समोरचा संघ गाड्या भरून पाऊण तास प्रवास करून आलेला असतो, कुणीतरी पहाटे उठून मैदानावर पांढऱ्या रेषा मारलेल्या असतात, रेफरी मिळणे मुश्कील असताना एक रेफरी अडकवून ठेवलेला असतो. संघ न येणे म्हणजे त्या सगळ्यांचा रविवार वाया घालवणे.

त्या दुपारी धाकटा घरी येऊन बूट घासत बसला. बूट मळलेले नव्हतेच. मग मान वर न करता म्हणाला, “अम्मी, आम्ही हरलोसुद्धा नाही ना?”

मला गावचे मामू आठवले. आमच्याकडे भातकापणी झाली की मळ्यात क्रिकेटच्या टूर्नामेंट होतात, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. शेजारच्या गावांचे संघ येतात, लाऊडस्पीकर लागतो. मामूंनी कधी बॅट धरली नाही. पण प्रवेश फी, सामन्यांची वेळ, पंचांचे जेवण, धावांची वही, सगळे त्यांच्याकडे. ते एका वर्षी मुंबईला आजारी पडले, तर त्या वर्षी टूर्नामेंट झालीच नाही. स्पर्धा कोण चालवते हे मी लहानपणापासून पाहिले होते. तरीही चहा देणाऱ्या बाईंना मी वेळ नाही म्हणाले होते.

हिवाळ्यात मी त्यांना फोन केला. म्हटले, “ते काम अजून आहे का?” त्या हसल्या. “ते काम नेहमीच असते, लव्ह.”

आधी मदरशात गेले. मौलानांना सराव कधी असतो हे माहीतच नव्हते. त्यांची अडचण खरी होती. खोल्या कमी, मुले जास्त, वेळ हलवता येत नाही. पण ते म्हणाले, “सातला सुटलेले मूल मैदानावर गेले तर मला आनंदच आहे. मी पालकांना सांगेन.” मग क्लबची बैठक. मी सुचवले की बुधवारचा सराव सव्वा सातला घ्यावा. इथे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, उजेडाची अडचण नाही. मार्चमध्ये अंधार लवकर पडतो, तेव्हा शनिवारी दुपारी घ्यावा. प्रशिक्षक बसचालक. त्यांची पहाटे पाचची पाळी असते. रात्री साडेआठला घरी जाऊन ते झोपणार कधी? एका आईला लहान मुलांना वेळेत झोपवायचे होते. आणि एक गृहस्थ म्हणाले, “एका समाजासाठी क्लबने घड्याळ का बदलायचे?”

खोलीत शांतता झाली. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच सेक्रेटरीबाईंनी भिंतीवरच्या जुन्या फोटोकडे बोट दाखवले. मिशा राखलेले, हाताची घडी घातलेले गिरणीकामगार आणि खाणकामगार. त्या म्हणाल्या, “हा खेळ वेळेच्या भांडणातूनच निघाला, विसरलात का?”

मला ते ठाऊक नव्हते. घरी येऊन वाचले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रग्बी एकच होती आणि तिचा कारभार लंडनहून चाले. तिथल्या लोकांचे म्हणणे, खेळावे ते हौसेने, पैसा घेऊ नये. पण उत्तरेचा कामगार शनिवारीही कामावर असे. दूरच्या सामन्याला जायचे तर पाळी बुडवावी लागे आणि घरी पगार कमी येई. बुडालेल्या वेळेची भरपाई खेळाडूला द्यावी, असा ठराव उत्तरेच्या क्लबांनी १८९३ मध्ये मांडला. तो फेटाळला गेला. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि ‘नॉर्दर्न युनियन’ ही वेगळी संघटना उभी राहिली. पहिल्या हंगामात २२ क्लब होते. बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग द्यायचे ठरले. पुढे १९०६ मध्ये खेळाडू १५ चे १३ केले, पकडल्यावर उठून पुन्हा खेळण्याची पद्धत आणली, आणि खेळ वेगवान झाला. १९२२ मध्ये संघटनेला रग्बी फुटबॉल लीग हे नाव मिळाले. आमच्या शेजारचे बॅटली त्या पहिल्या २२ मधले. १८९७ चा पहिला चॅलेंज कप त्यांनीच जिंकला.

म्हणजे ज्याच्या हातात वेळ नाही त्याला खेळता यावे, याच एका गोष्टीवर हा खेळ उभा आहे. गिरणीच्या भोंग्याच्या जागी आता मदरशाचे घड्याळ होते, एवढेच.

ठराव झाला, पण फुकट झाला नाही. प्रशिक्षकांना मदतीला दुसरे माणूस हवे होते. मोहल्ल्यातल्या एका टॅक्सीचालकाने प्रशिक्षकाचा प्राथमिक कोर्स केला आणि दर दुसरा बुधवार स्वतःकडे घेतला. मुलांमध्ये काम करायचे तर इथे सरकारी तपासणी लागते, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण लागते. तेही त्याने पुरे केले. आपल्यासाठी वेळ बदलून मागितली, तर आपला माणूसही द्यावा लागतो.

बारचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि सुटला असे मी सांगणार नाही. मैदानाचे गवत, दिवे, विमा, यांचा खर्च मुलांच्या वर्गणीतून भागत नाही. तो बारमधून आणि सोडतीच्या तिकिटांतून निघतो. दोन्हींत आमचा सहभाग नाही. “मग तुमचा वाटा कसा?” हा प्रश्न मला थेट विचारला गेला आणि तो रास्त होता. आम्ही दुकानदारांकडे गेलो. जर्सीच्या पाठीवर आता मोहल्ल्यातल्या हलाल मटणवाल्याचे नाव आहे आणि त्याने वर्षभराच्या चेंडूंचे पैसे दिले आहेत. पालकांच्या बैठका बारमध्ये होत असत, त्या आता कपडे बदलण्याच्या खोलीत बाकांवर बसून होतात. तिथे ओल्या मोज्यांचा वास येतो, पण सगळे येतात.

माझे काम तसे कारकुनी. जन्मतारखेचे दाखले, पालकांच्या सह्या, सामन्याआधी खेळाडूंची यादी, सामन्यानंतर निकाल. पहिल्याच महिन्यात एका मुलाची नोंदणी करायची राहिली आणि जिंकलेल्या सामन्याचे गुण गेले. लीगच्या अधिकाऱ्यांनी ना रागावून सांगितले, ना सूट दिली. मुलांसमोर उभे राहून चूक माझी होती हे सांगताना माझी मान खाली गेली. तेव्हापासून यादी दोनदा तपासते. सर्वांत अवघड काम म्हणजे ईद. सामन्यांचे वेळापत्रक लावणाऱ्या गृहस्थांना मी सांगितले, “या रविवारी किंवा सोमवारी ईद असेल.” त्यांनी विचारले, “नक्की कधी?” म्हटले, “आदल्या रात्री कळेल.” फोनवर बराच वेळ आवाज आला नाही. आता ते स्वतःच जानेवारीत फोन करून विचारतात, “यंदा तुमचा चंद्र कुठे आहे?” रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलांकडून प्रशिक्षक धरपकड करवून घेत नाहीत, चेंडू फेकण्याचा हलका सराव देतात.

आपल्यापैकी कुणी या खेळात मोठे झाले आहे का, असे नातेवाईक विचारतात. झाले आहे. लीड्समध्ये जन्मलेले इक्रम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळले. रग्बीच्या कोणत्याही प्रकारात इंग्लंडसाठी खेळणारे ते पहिले मुस्लिम. ऑस्ट्रेलियात हाझेम एल मसरी हा लेबनॉनमध्ये जन्मलेला खेळाडू २००९ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत सर्वाधिक गुणांचा विक्रम त्याच्या नावावर होता. पण मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या पहिल्या क्लबांच्या सेक्रेटरींबद्दल कुतूहल आहे. त्यांची यादी कुणीतरी वेळेवर पाठवली असेलच ना.

आमच्या संघात आज १८ मुले आहेत, त्यातली दहा मोहल्ल्यातली. नऊ वर्षांखालचा एक नवा गटही सुरू झाला आहे. मात्र अजून बरेच वडील मुलाला सोडून निघून जातात, काही आया गाडीतच बसतात. मी त्यांना काही बोलत नाही. चहाचा कप घेऊन काचेवर टकटक करते.

वाचक भगिनींनो, तुमच्या गावी रग्बी नसेल. पण क्रिकेटची टूर्नामेंट असेल, कबड्डीचे मंडळ असेल, वाचनालय असेल. तिथली वही कुणाकडे आहे, एकदा विचारून पाहा. ती बहुधा एकाच थकलेल्या माणसाकडे असते.

गेल्या रविवारी आम्ही २८-६ असे हरलो. धाकटा नखशिखान्त चिखलात, एक गुडघा खरचटलेला, गाडीत बसायच्या आधीच सीटवर जुनी चादर अंथरावी लागली. दार ओढून घेत तो म्हणाला, “हरलो, अम्मी.” आणि पुढचा सामना कुणाशी आहे, ते विचारू लागला.