वेड्याचे घर

मार्सेय म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे १९१० सालची सावरकरांची उडी उभी राहते. आम्हीही आधी बंदरावर जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी मात्र मी शहराच्या दक्षिण भागातली एक इमारत पाहायला गेलो. मार्सेयकरांनी तिला नाव ठेवले ‘वेड्याचे घर’! हा वेडा म्हणजे आपल्या चंदीगडचा आराखडा आखणारा ल कॉर्ब्युझिए.

समोरून पाहावे तर जाड्याजुड्या खांबांवर उचललेले १८ मजल्यांचे ओबडधोबड काँक्रीट. पण चार पावले बाजूला सरका, की सज्जांच्या आतल्या भिंती दिसू लागतात: लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या. आपण चालू लागावे आणि रंगांनी उघडावे, मिटावे. मी त्या इमारतीपुढून तीन येरझारा घातल्या.

महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, म्हणून सरकारने ती बांधविली. १९५२ साली उद्‌घाटन झाले. एकूण ३३७ बिऱ्हाडे. बहुतेक घरे दुमजली आणि आरपार. एका सज्जात सकाळचे ऊन, दुसऱ्यात संध्याकाळचे. मुलांच्या दोन अरुंद खोल्यांमध्ये सरकती भिंत, आणि ती भिंत म्हणजेच फळा! माझ्यासारख्या खडूशी जन्म काढणाऱ्याला ही युक्ती फारच भावली.

इमारतीच्या पोटात, सातव्या-आठव्या मजल्यांवर बाजार. गच्चीवर बालवाडी, मुलांसाठी उथळ हौद, धावण्याची वाट. रहिवाशाला बाहेर पाऊल टाकायची गरजच पडू नये, असा एकूण मनसुबा. इथे मात्र माझे या थोर माणसाशी जमत नाही. गर्दीत धक्के खाल्ल्याशिवाय आणि भाजीवाल्याशी हुज्जत घातल्याशिवाय का कोणी गावचा होतो? शिवाय दीडएक हजार माणसांच्या वस्तीवर आख्खा बाजार चालावा कसा? पुष्कळशी दुकाने उठली. कचेऱ्या आल्या, हॉटेलही आले. सरकारनेही १९५४ पासून घरे विकायला काढली. सामान्यांसाठी बांधलेल्या या घरांना आज रसिक आणि सुखवस्तू गिऱ्हाईक आहे. २०१६ साली चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि ‘वेड्याचे घर’ हे नाव लोक आता कौतुकाने घेतात!

गच्चीवरून एकीकडे डोंगर दिसतात, दुसरीकडे भूमध्य समुद्र. उतरताना लिफ्टमध्ये एक आजीबाई भेटल्या. हाती रिकामी पिशवी, बोटाशी नातू. मी मोडक्या फ्रेंचमध्ये विचारले, ‘‘कुठे निघालात?’’

‘‘बाजारात,’’ त्या म्हणाल्या, आणि तळमजला येताच लगबगीने रस्त्याला लागल्या.