‘प्रेझेंट्‌ली’

परवां वर्गांत एका विद्यार्थिनीनें मला अडविलें. शिकवीत असलेल्या उताऱ्यांतील एक गृहस्थ ‘आय् शॅल रिटर्न प्रेझेंट्‌ली’ असें म्हणून निघून जातो, आणि पुढें दोन पानें त्याचा पत्ता नसतो. “सर, ‘प्रेझेंट’ म्हणजे वर्तमान ना? मग हा गृहस्थ अजून आला कसा नाहीं?” वर्ग हंसला. मीहि हंसलों, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला.

मुलीची शंका रास्त होती. ‘प्रेझेंट’ या शब्दाचें मूळ ‘समोर असणें’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. संध्याकाळीं ऑक्सफर्डचा थोरला कोश उघडला. १८८४ पासून १९२८ पर्यंत खंडशः निघालेल्या या कोशाची रीत अशी कीं, शब्दाचा अर्थ देऊन तो थांबत नाहीं. कोणत्या सालीं कोणीं तो कसा वापरला, हें तारीखवार दाखवितो. शेक्सपीअरच्या काळीं ‘प्रेझेंट्‌ली’ म्हणजे ‘या क्षणीं’. १६११ च्या सुमाराच्या ‘टेंपेस्ट’ नाटकांत धन्याची आज्ञा ऐकून एरिएल याच एका शब्दानें ‘तांबडतोब का?’ असें विचारतो, आणि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत, असें उत्तर त्याला मिळतें. पुढें ‘या क्षणीं’चें ‘थोड्या वेळानें’ झालें. ‘सून’ या शब्दाचीहि तीच गत. प्राचीन इंग्रजींत तोहि ‘लगेच’ या अर्थाचा होता. आतां क्रियापद भविष्यकाळीं असेल तर ‘प्रेझेंट्‌ली’चा अर्थ ‘थोड्या वेळानें’, आणि वर्तमानकाळीं असेल तर ‘सध्यां’, एवढा नियम विद्यार्थ्यांस पुरतो. ‘सध्यां’ हा अर्थ अमेरिकेंत सर्रास चालतो. जुन्या वळणाचे पंडित मात्र त्यावर नाक मुरडतात.

पण शब्द आपण होऊन ढिले पडत नाहींत. तोंडानें ‘आतां’ म्हणून पायांनीं ‘मग’ म्हणणारीं माणसें त्यांना ढिले करतात. या कामीं आपणहि मागें नाहीं. उंबऱ्यांत उभा राहून हांक मारणाऱ्यास आपण आंतून ‘आलों’ म्हणतों. म्हणजे जें अजून घडावयाचें, तें भूतकाळांत घालून मोकळे होतों! त्यावर कोणी विश्वास ठेवीनासा झाला, म्हणून ‘च’ची टेकण लावून ‘आलोंच’ म्हणूं लागलों. ‘लवकर’ अपुरें पडलें, तेव्हां ‘लवकरच’ आलें.

या ‘लवकरच’शीं माझा जुना हिशेब आहे. नोकरीनिमित्त मी सांगलीस आलों, तेव्हां आई साताऱ्यास एकटी राहिली. अंतर सव्वाशे किलोमीटरांचें; कऱ्हाडवरून एस्. टी. नें सकाळीं निघावें, तर दुपारच्या जेवणाला घरीं. तरीहि दर पत्राच्या शेवटीं मी ‘लवकरच येतों’ असें लिहीत असें, आणि मग चाचणी परीक्षा, पेपरांचे गठ्ठे, मुलांचीं दुखणीं यांपैकीं कांहींतरी आडवें येत असे. तिनें कधीं जाब विचारला नाहीं.

ती गेल्यावर तिच्या पेटींत तीं पत्रें सांपडलीं, दोऱ्यानें नीट बांधलेलीं. प्रत्येक पत्रांतील ‘लवकरच’ या शब्दाखालीं पेन्सिलीनें एक तारीख लिहिलेली होती. प्रथम मला वाटलें, पत्र पोंचल्याची असेल. मग उमगलें कीं ती मी साताऱ्यास पोंचल्याची होती. कोठें तीन आठवडे, कोठें दोन महिने, एके ठिकाणीं साडेचार. आईचें शिक्षण मराठी चौथीपर्यंतचें. कोश हा शब्दहि तिला ठाऊक नसावा. पण माझ्या एका शब्दाचा अर्थ तिनें वर्षानुवर्षें तारीखवार नोंदवून ठेवला होता. शेवटच्या पत्रावर तारीख नव्हती.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत ‘प्रेझेंट्‌ली’चे दोन्ही अर्थ सांगितले. मुलगी म्हणाली, “पण सर, थोड्या वेळानें म्हणजे किती वेळानें?” मीं सांगितलें, “तें कोशांत मिळावयाचें नाहीं. तो गृहस्थ परत केव्हां येतो, तें पान काढून पाहा.”

हल्लीं कोणाला निरोप धाडतांना ‘लवकरच येतों’ असें मी लिहीत नाहीं. वार लिहितों.