हवापाणी

आपल्या भाषेंत प्रकृतीची विचारपूस करण्याची एक जुनी रीत होती. मनुष्य परगांवीं बदलून गेला म्हणजे पहिल्याच पत्रांत त्यास विचारीत, "तिकडचें हवापाणी मानवलें का?" तो तेथें आजारी पडला तर घरचीं माणसें म्हणत, "त्याला तिथलें पाणी लागलें." या दोन्ही बोलांत रोग्यास दोष दिलेला नाहीं, दोष असलाच तर तो जागेचा. मनुष्याचें आरोग्य त्याच्या कातडीच्या आंत मावत नाहीं, तें विहिरींत, वाऱ्यांत, गल्लीबोळांत पसरलेलें असतें, हें आमच्या आजीस कोणा आरोग्याधिकाऱ्यानें शिकविलेलें नव्हतें. आम्ही मात्र इंग्रजी शिकलों, पदवीधर झालों, प्राध्यापक झालों, आणि प्रकृति ज्याची त्याची असें मानूं लागलों. सकाळीं फिरावयास जावें, साखर बेतानें खावी, पाणी शुद्ध करून प्यावें, वर्षाकांठीं एकदां रक्त तपासून घ्यावें. इतकें केलें कीं आपलें कर्तव्य संपलें, शेजाऱ्याचें शेजारी पाहील, असा पन्नाशी येईपर्यंत आमचा सिद्धान्त होता. तो कसा ढासळला तें येथें सांगावयाचें आहे. प्रसंग लहान आहे, आणि त्यांत आमची शोभा मुळींच नाहीं.

आधीं स्थळाची ओळख करून देणें अवश्य आहे. जिच्या नांवावरून आमच्या नागपुरास नांव मिळालें असें सांगतात ती नाग नदी शहरांतून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. वरच्या अंगास अंबाझरीचा तलाव, तेथून धरमपेठ, सीताबर्डी, महाल अशा वस्त्यांच्या कडेनें ती पूर्वेस निघते आणि पुढें कन्हानेला मिळते, कन्हान वैनगंगेला. तिला नदी म्हणावयाचें तें केवळ जुन्या ओळखीपोटीं. तिच्या पात्रांतून आज बहुतांशीं आमच्या मोऱ्यांचें पाणी वाहतें. हा एक उतार नीट पाहिला तर शहराची निम्मी हकीकत समजते. पश्चिमेस रुंद रस्ते, गर्द झाडी, आणि 1936 सालीं नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाल्यानंतर आंखल्या गेलेल्या वसाहती, ज्यांस आम्ही नागपूरकर 'लेआउट' म्हणतों. पूर्वेस भांडेवाडी, जेथें साऱ्या शहराचा कचरा जाऊन पडतो. उन्हाळ्यांत तो पेटला म्हणजे त्याचा धूर गिळावा लागतो भोंवतालच्या वस्त्यांना. सांडलें कोणी आणि सोसलें कोणी, याचा हिशेब पाण्याच्या उताराइतका सरळ आहे.

पण ही विभागणी वाटते तितकी स्वच्छ नाहीं. लेआउटच्या पाठीला पाठ लावून नाला असतो, आणि नाल्याच्या कांठीं झोपड्यांची रांग. 2011 च्या शिरगणतींत शहराची वस्ती 24,05,665 भरली. त्यांतील सुमारें एक तृतीयांश माणसें झोपडपट्टींत राहणारीं होतीं. तीं कोणी दूरदेशीं राहत नव्हतीं. आमचीं भांडीं घासणारीं, आमच्या मुलांना शाळेंत पोंचविणारीं, आमच्या फाटकाशीं रात्रभर बसणारीं तींच. आणि ज्ञानाची म्हणाल तर या शहरांत टंचाई नाहीं. सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीची देशाची मध्यवर्ती संशोधनसंस्था 1958 सालीं स्थापन झाली ती नागपुरांतच. तीच आजची 'नीरी'. तिच्या दारावरून आम्ही कित्येक वर्षें फिरावयास जात आलों आहों. तेवढ्यानें अंगीं शहाणपण लागतें असें मात्र दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट उन्हाची. 23 मे 2013 रोजीं नागपुरांत पारा 47.9 अंशांवर गेला होता. ऊन सर्वांवर सारखेंच पडतें असें म्हणण्याची पद्धत आहे; तें म्हणणाऱ्यानें वैशाखांतली एक रात्र पत्र्याच्या छपराखालीं काढून पाहावी. जाड भिंतींच्या घरांत ऊन दुपारीं येतें आणि बाहेरच्या बाहेर परत जातें. पत्र्याच्या खोलींत तें मुक्कामास राहतें. दिवसां अंग भाजतें तें एक वेळ सोसवेल, परंतु रात्रीं झोंप न झालेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं कामावर अर्धाच हजर असतो. या उन्हावर वैदर्भीय मनुष्यानें काढलेला तोडगा म्हणजे कूलर. पूर्वीं श्रीमंताघरीं दारास वाळ्याच्या ताट्या लावीत व गडी त्यांवर पाणी मारी; त्या ताट्यांनीं पुढें लोखंडी पेटींत अवतार घेतला. एप्रिल लागला कीं खिडकीखालीं तिपाई येते, तीवर ही पेटी चढते, तींत नवें गवत बसतें, तळाच्या टाकींत पाणी पडतें, आणि घर धडधडूं लागतें. गणपति दीड ते दहा दिवसांचा पाहुणा. कूलरचा मुक्काम चार महिन्यांचा. विसर्जनाविषयीं मात्र या दैवताचे भक्त फार आळशी. मृगाचा पाऊस पडला, हवा निवली, कीं पंप बंद होतो, बटण बंद होतें, आणि पेटी जागच्या जागीं राहते. टाकींतल्या पाण्याची कोणास आठवण राहते?

आमच्या घराच्या पूर्वेच्या कुंपणाशीं एक कडुनिंब आहे. त्याच्या सावलींत एका प्रेसवाल्याचें टेबल असे. इस्त्रीस आमच्याकडे प्रेस म्हणतात, हें बाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों. हा गृहस्थ मागल्या नाल्यावरच्या वस्तींत राहणारा. कोळशाची जड इस्त्री, दोन पोतीं, कपड्यांचे गठ्ठे, आणि शाळा सुटल्यावर बापाजवळ येऊन बसणारी एक मुलगी, एवढा त्याचा संसार आमच्या दृष्टीस पडे. 2021 सालीं शाळा बंद होत्या. मुलगी सहावीला होती व तिचे वर्ग बापाच्या फोनवर भरत. आमच्या घरचें इंटरनेट कुंपणापर्यंत बरें पोंचे. आम्हीं आपण होऊन परवलीचा शब्द तिला दिला आणि खिडकीखालीं, जेथें तें सर्वांत चांगलें मिळे, तेथें एक जुनी खुर्ची ठेवून दिली. या औदार्याची हकीकत आम्हीं त्या दिवसांत निदान चौघांना तरी सांगितली असेल. खिडकीच्या आंत बसून आमचेही वर्ग चालत, कारण महाविद्यालयेंही बंदच होतीं. आंत आम्ही शिकवीत असूं, बाहेर ती शिकत असे, आणि मध्यें, त्याच खिडकींत, जूनपासून बंद पडलेला आमचा कूलर होता.

श्रावणांत तिला ताप भरला. दोन दिवसांनीं प्रेसवाला खुर्चीकडे पाहून म्हणाला, "सर, पोरगी फणफणून राहिली जी. डोळ्याच्या मागं दुखते म्हणते." डेंग्यूच निघाला. रक्तांतल्या बिंबाणूंची संख्या घसरत गेली आणि सात दिवस ती रुग्णालयांत होती. तेवढे दिवस टेबल बंद, व पुढेंही आठवडाभर बंद. आम्हीं विचारपूस केली, कांहीं रक्कम दिली, आणि, हें लिहावयास हात कचरतो, बरोबर उपदेशही केला. "तुमच्या त्या नाल्यामुळें हें सारें. तेथें डांस होणार नाहींत तर काय होणार? वस्तींतल्या लोकांनीं स्वच्छतेकडे जरा लक्ष द्यावयास नको का?" तो "हो जी, हो जी" म्हणाला. कृतज्ञ माणसापाशीं याहून वेगळें उत्तर नसतें.

त्यानंतर चार दिवसांनीं पालिकेच्या आरोग्यखात्यातर्फे एक ताई तपासणीस आल्या. हातांत विजेरी व एक पांढरी वाटी. आम्हीं दारांतच सांगितलें कीं आमच्याकडे सर्व स्वच्छ आहे, आपण मागल्या वस्तींत जावें. त्या हंसल्या. "काका, कूलर तर पाहू द्या." त्यांनीं मागचें झाकण काढलें, विजेरी टाकली आणि वाटीभर पाणी काढून आमच्यापुढें धरलें. पाणी नितळ होतें. त्यांत केंसासारखे बारीक जीव उलटेसुलटे होत वरखालीं करीत होते.

"आणि नाला?" आम्हीं विचारलें. नापास होणारा विद्यार्थी शेवटचा एक प्रश्न विचारतो तसा.

"नाल्याचे डास वेगळे, काका. याला चांगलं पाणी लागते."

त्या बाईंनीं उभ्या उभ्या जें सांगितलें, तें आम्हीं पुढें पुस्तकांतून पडताळून पाहिलें. हा डांस दिवसां चावतो, विशेषतः सकाळीं व सायंकाळच्या आधीं. सांठलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेला त्याची मादी अंडीं घालते. तीं भांड्याच्या भिंतीस चिकटून कोरडींही महिनेच्या महिने टिकतात, म्हणून नुसतें पाणी फेंकून भागत नाहीं, टाकी घासावी लागते. अंड्यापासून उडता डांस होण्यास उकाड्यांत आठदहा दिवस पुरतात. आणि सर्वांत मर्माची गोष्ट ही कीं, तो दूर जात नाहीं. बहुधा शेंदोनशें मीटरांच्या आंत त्याचें आयुष्य संपतें. मलेरिया, विषमज्वर यांची चर्चा करतांना आपण शहराचा, जिल्ह्याचा नकाशा पुढें घेतों. डेंग्यूचा नकाशा काढावयाचा तर एका गल्लीचा पुरतो. चार घरें, दोन कूलर, एक कुंडी, छपरावर पडलेला एक टायर.

तोच डांस तिला चावला असें सिद्ध करतां येणार नाहीं. न्यायालयांत ही फिर्याद पहिल्याच तारखेस काढून टाकतील. परंतु रोज सकाळीं दोन तास ती कोठें बसत होती आणि तिला तेथें कोणीं बसविलें होतें, हें आम्हांस ठाऊक होतें.

योगायोग असा कीं, त्या दिवसांत आम्ही वर्गास डिकन्सची 'ब्लीक हाउस' ही कादंबरी शिकवीत होतों. 1852-53 सालीं क्रमशः निघालेल्या या कादंबरींत लंडनमधील एक कुजकी वस्ती आहे. मालमत्तेचा खटला वर्षानुवर्षें न्यायालयांत लोंबकळत राहिल्यानें तीकडे कोणी पाहत नाहीं. तेथला रस्ता झाडणारा एक अनाथ पोर तापानें फणफणत चांगल्या घरीं पोंचतो आणि तें दुखणें तेथल्या मोलकरीण मुलीवाटे नायिकेपर्यंत जातें. या भागावर आमचें व्याख्यान ठरलेलें: गरिबांच्या वस्तीकडे दुर्लक्ष कराल तर ती तुमचा सूड घेईल. सुखवस्तु वर्गास जागें करावयास हा युक्तिवाद चांगला आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत त्यानें पुष्कळ गटारें बांधवून घेतलीं असतील. पण त्याच्या पोटांत एक गृहीत कृत्य दडलेलें आहे, तें वीस वर्षें शिकवूनही आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. रोग खालून वर येतो, असें तें गृहीत. आमच्या गल्लींत तो वरून खालीं गेला होता. शुद्ध केलेल्या पाण्यांतून, पुस्तकांच्या कपाटाजवळून, परोपकाराच्या खुर्चीपर्यंत. दुसऱ्या दिवशीं तोच भाग पुढें शिकवावयाचा होता. आम्हीं प्रकृतीचें निमित्त सांगून वर्ग रद्द केला.

मुलगी बरी झाली. आम्हीं टाकी घासली, कूलर भंगारांत दिला. प्रेसवाल्यास मात्र कांहीं सांगितलें नाहीं. दिलेल्या रकमेबद्दल तो अधूनमधून आभार मानी, आणि आम्ही ते घेत असूं. असें दोन वर्षें चाललें.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे थोड्या तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिली, आणि नाग नदीनें एका रात्रींत आपला जुना हिशेब चुकता केला. वरच्या अंगाच्या लेआउटांतून पुरुषभर पाणी फिरलें, माणसें दगावलीं. आमच्या तळमजल्यांत कमरेइतकें पाणी होतें. तें ओसरल्यावर पुस्तकांचा लगदा व चिखल उपसावयास जे चारदोन जण आले त्यांत प्रेसवाला होता. त्याच्या स्वतःच्या खोलींत कांहीं उरलें नव्हतें. बायको-मुलीस मेहुण्याकडे ठेवून तो आला होता. दुपारीं दोघे ओल्या पायरीवर चहा पीत बसलों असतां आम्हीं कूलरची गोष्ट त्याला सांगून टाकली.

तो थोडा वेळ कपांत पाहत राहिला. मग म्हणाला, "आमच्या घरी पण कूलर होता जी. डासाच्या अंगावर कोणाचं नाव थोडीच लिहिलं असते." आणि उठून पुन्हा घमेलें उचललें. हें त्यानें आमच्या समाधानासाठीं म्हटलें, कीं त्याला खरोखर तसें वाटत होतें, तें त्याच्या पाठीवरून कळेना. पण पुढें पुष्कळ दिवस त्यानें आमचे कपडे नेले ते मोजून, आणि पैसे घेतले तेही मोजून. पूर्वीं तो मोजीत नसे.

आतां आमच्या त्याच खिडकींत वातानुकूलनाचें यंत्र आहे. त्यास टाकी नाहीं, त्यामुळें त्यांत डांस होत नाहीं. खोली थंड होते व खोलींतली उष्णता यंत्राच्या पाठीमागून बाहेर जाते. बाहेर म्हणजे कडुनिंबाखालीं. पहिल्याच मे महिन्यांत प्रेसवाल्यानें न बोलतां आपलें टेबल चार हात पुढें सरकविलें, तेथें सावली विरळ आहे. यंत्राचें तोंड गच्चीकडे फिरवून घेण्यास कारागिरास सांगितलें आहे. तो उद्यां येतों म्हणतो. त्याची नळी मात्र अजून कुंपणाशींच ठिबकते. त्या ठिबकणाऱ्या पाण्याखालीं प्रेसवाल्यानें एक बादली लावली आहे. इस्त्री करतांना कपड्यांवर शिंपडावयास तें उपयोगी पडतें.

परवां आम्ही सवयीनें बादलीशीं वांकलों. मुलगी, आतां उंच झालेली, टेबलापाशीं कपड्यांच्या घड्या घालीत होती. तिनें पाहिलें, जवळ आली आणि बादलीवरची फळी उचलून आम्हांस आंत दाखविलें.

"झाकूनच ठेवतो, सर. दर रविवारी घासतो पण."

आम्हीं नीट वांकून पाहिलें. पाणी स्वच्छ होतें.