पंखावर पेट्रोल चढवताना

उन्हाळ्यात दर शनिवारी पहाटे आम्ही पेट्रोल आणायला निघतो. गाडीसाठी नव्हे, विमानासाठी. विमान म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे जे काही उभे राहील ते कृपया बाजूला सारावे. हे विमान म्हणजे दोन आसनांचे, एका इंजिनाचे सेस्ना १५०; वयाने आम्हां दोघांहून वडील आणि आणखी दोन कुटुंबांशी भागीदारीत घेतलेले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांमध्ये एक लहानशी धावपट्टी आहे, तिथे ते पत्र्याच्या शेडमध्ये उभे असते. आमच्यापैकी एक जण ते उडवतो आणि दुसरा खाली थांबतो. कोण उडवतो आणि कोण थांबतो, हे या लेखात सांगायचे नाही असे आम्ही ठरवले आहे. कारण पुढे येईल.

धावपट्टीवर विमानाचे इंधन मिळत नाही असे नाही. ते मिळते, निळ्या रंगाचे असते आणि त्याच्या नावात ‘कमी शिसे’ असे शब्द आहेत. हे ‘कमी’ फसवे आहे. आणखी जुन्या इंधनाच्या मानाने ते कमी, इतकेच. एका लिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक शिसे असू शकते. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ च्या आरंभापासून बंद झाले, भारतात २००० साली. छोट्या विमानांच्या पेट्रोलमध्ये मात्र ते अजून आहे, कारण जास्त दाबाच्या इंजिनांना ते लागते. आमच्या विमानाच्या शंभर अश्वशक्तीच्या इंजिनाला ते लागतच नाही. हे इंजिन ८० ऑक्टेनच्या इंधनासाठी बनले होते. एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या संस्थेने १९८२ मध्ये याच जातीच्या विमानात मोटारीचे पेट्रोल वापरण्याची सरकारी मान्यता मिळवली. कागद, पंखावर चिकटवायची पट्टी आणि एक अट: पेट्रोलमध्ये इथेनॉल नको.

हे सगळे आम्हांला पहिल्यापासून ठाऊक होते. तरीही तीन वर्षे आम्ही निळेच इंधन भरत होतो, कारण ते हाताशी होते. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातून पेलाभर इंधन काढून त्यात पाणी उतरले आहे का ते पाहायचे असते. पाहून झाले की पेला गवतावर रिकामा करायचा, ही तिथली जुनी रीत. आम्हीही तसेच करीत होतो. त्याच गवतावर आमची मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची, चादर सोडून बाहेर रांगत जाई आणि पिवळी फुले तोडून खाऊ पाही.

या राज्यात शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या रक्तातले शिसे तपासून घ्यावे लागते. आमच्या मुलीच्या रक्तात ते ४.६ निघाले. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेने २०२१ मध्ये लक्ष देण्याची रेषा ३.५ वर आणली आहे. लहान मुलांना सुरक्षित अशी शिशाची कोणतीच पातळी नाही, हेही तीच यंत्रणा सांगते. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, घर किती जुने आहे? घर १९२० च्या सुमाराचे. जुन्या घरांच्या रंगात शिसे असते. १९७८ नंतर घरगुती रंगात ते घालण्यास इथे बंदी आली. खिडक्यांच्या चौकटी उघडताना-मिटताना रंगाची भुकटी पडते, मुले ती चाटतात. कारण बहुधा तेच, असे त्यांचे मत. त्यांनी आमच्या सवयी विचारल्या तेव्हा आम्ही विमानाचे सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी तेही लिहून घेतले.

त्या रात्री आमच्या घरात ‘आम्ही’ हे सर्वनाम उरले नव्हते. ‘तू’ आणि ‘मी’ एवढीच होती. तू पेला ओतलास. तू तिला चादरीवर ठेवले नाहीस. तुझ्या हौसेपायी. तुझ्या हातात पुस्तक होते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन प्रथमपुरुष आहेत, एक समोरच्याला वगळणारा आणि एक सामावून घेणारा, हे आमच्यातला एक जण परदेशी विद्यार्थ्यांना कौतुकाने शिकवतो. दोन्ही एका संध्याकाळीत नाहीसे होऊ शकतात, हे व्याकरणात नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मेकॅनिककडे गेलो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, बोलणे मोजके. त्यांनी इंजिनाचे स्पार्क प्लग काढले होते. प्लगच्या खोबणीतून टोकदार हत्याराने त्यांनी करडे मणी उकरून काढले, ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि कागदावर ठेवले. शिसे, ते म्हणाले. हात लावू नका.

गाडीच्या पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती १९२१ मध्ये टॉमस मिजली यांच्या चमूला सापडली. इंजिन ठोकायचे थांबले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते मिश्रण बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी धंदा चाललाच. हवेत किती शिसे पसरले आहे ते पुढे दाखवून दिले क्लेअर पॅटरसन यांनी. शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढताना त्यांना प्रयोगशाळेतल्या प्रत्येक वस्तूवर उपरे शिसे सापडत राहिले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी त्या शिशाचा माग काढण्यात घालवले. ते आयोवाचेच. त्यांचे गाव आमच्यापासून फार लांब नाही. पूर्वी आम्ही त्या रस्त्याने कितीदा गेलो होतो आणि आम्हांला पत्ता नव्हता.

आता पेट्रोलकडे येऊ. आयोवात अमेरिकेतले सर्वाधिक इथेनॉल तयार होते, तेही मक्यापासून. म्हणजे क्षितिजापर्यंत मका उभा असलेल्या मुलखात आम्ही मका नसलेले पेट्रोल शोधत हिंडतो. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि जोड खराब करते, पाणी शोषते. ठरावीक पंपांवर शुद्ध पेट्रोल मिळते, पण तिथेही एक खोच आहे. कित्येक पंपांना सगळ्या प्रतींसाठी एकच नळी असते आणि आधीच्या गिऱ्हाइकाचे पेट्रोल तिच्यात उरलेले असते. म्हणून पहिले गॅलनभर पेट्रोल आम्ही स्वतःच्या पिकअपमध्ये घालतो आणि मग विमानाचे डबे भरतो.

डबे जमिनीवर उतरवूनच भरायचे. पिकअपच्या मागच्या हौद्यात प्लास्टिकचे अस्तर असते. त्यावर ठेवून भरले तर नळीतून वाहत्या पेट्रोलाने साचलेली स्थिर वीज जमिनीत जात नाही, आणि ठिणगीला तेवढे पुरते. पहिल्या उन्हाळ्यात चार डबे होते, प्रत्येकी पाच गॅलनचे, म्हणजे साधारण एकोणीस लिटर आणि चौदा किलो. या विमानाचे पंख डोक्यावर असतात. शिडी लावून, डबा छातीशी धरून वर चढायचे, नरसाळ्यात ओतायचे, उतरायचे. चौथ्या डब्याला दंड थरथरतात. यंदा भागीदारांनी मिळून लोखंडी टाकी, बारा व्होल्टचा पंप आणि पाणी वेगळे करणारी गाळणी घेतली. आधी टाकीची तार विमानाच्या उघड्या धातूला चिमट्याने जोडायची, मगच झाकण उघडायचे. एकाने शिडीवर नळी धरायची, दुसऱ्याने खाली पंपाच्या खटक्यावर हात आणि नजर आग विझवण्याच्या नळकांड्यावर ठेवायची. हे काम एकट्याने करू नये. गुपचूप बसूनही करता येत नाही. ‘चालू’, ‘थांब’, ‘अजून’, ‘बस’ एवढे तरी बोलावेच लागते. त्या पहिल्या उन्हाळ्यात कित्येक आठवडे आमचे संभाषण बहुतेक एवढेच होते.

भरण्यापूर्वी परीक्षा. काचेच्या नळीत खुणेच्या रेघेपर्यंत पाणी, वर पेट्रोल, बूच लावून हलवायचे आणि थांबायचे. पाणी रेघेवर राहिले तर ठीक. वर चढले तर त्यात इथेनॉल मिसळले आहे. गेल्या जुलैत एकदा ते चढले. पंपावर स्वच्छ अक्षरांत ‘इथेनॉलविरहित’ लिहिलेले होते. त्या दिवशी आमच्यातल्या एकाला दोनशे किलोमीटरवरच्या मित्राला भेटायला उडायचे होते. मित्राचे नुकतेच मोठे ऑपरेशन झाले होते. एकदा उडून काय होणार, असे शिडीवरून विचारले गेले. खालून उत्तर आले नाही. मग वरून आवाज आला, ‘परत हलव.’ पुन्हा चढले. ते पेट्रोल पुढचे दोन आठवडे गाडीत जिरवले आणि मित्राकडे गाडीनेच गेलो.

सेंत-एक्झुपेरी यांचे ‘तेर देझोम’ आमच्यातला एक जण वर्गात शिकवतो. १९३५ च्या अखेरीस लिबियाच्या वाळवंटात विमान कोसळल्यावर ते आणि त्यांचा यांत्रिक पंखांवरचे दव फडक्याने टिपून पितात. त्यात रंग आणि तेल उतरलेले असते. विद्यार्थ्यांना तो भाग तहानेचा वाटतो, आणि तो तहानेचाच आहे. पण पंखावर चढून पाण्याचा एक थेंब दिसला म्हणून हताश होणाऱ्या आम्हांला तो हल्ली निराळा दिसतो.

घरच्यांचा आक्षेप रास्त आहे. सावकाश चढणारे विष टाळायला तुम्ही भडकणारे इंधन गाडीत घालून हिंडता, असे आईने पुण्याहून फोनवर सुनावले. आमच्यापाशी उत्तर नाही. डबे घरी ठेवत नाही, मुलगी सोबत असेल तेव्हा टाकी रिकामी असते, आणि तरी वळणावर मागे पेट्रोल हिंदकळल्याचा आवाज आला की दोघेही एकदम बोलायचे थांबतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये विमानांचे शिसे आरोग्याला घातक असल्याचा निष्कर्ष अधिकृतपणे नोंदवला; २०३० अखेरपर्यंत ते हटवायचे असे उद्दिष्ट आहे. शेजारच्या शेडमधली विमाने आजही निळेच इंधन जाळतात आणि त्यांचा धूर आमच्या बाजूला येतो.

मुलीचे शिसे पुढच्या तपासणीत ३.९ आणि नंतर २.८ झाले. ज्या महिन्यात आम्ही निळे इंधन सोडले त्याच महिन्यात घराच्या एकोणीस खिडक्यांच्या चौकटीही बदलून घेतल्या होत्या. त्यामुळे काय कशाने उतरले हे आम्हांला कधीच कळणार नाही. तू आणि मी यांचा तो वाद त्यामुळे निकाली निघालेला नाही. तो तिथेच आहे, फक्त आता काढत नाही.

मुलगी पाच वर्षांची झाली आहे. शनिवारी आमच्यानंतर ती मेकॅनिक आजोबांच्या पिकअपमधून धावपट्टीवर येते आणि कुंपणापलीकडे, सिमेंटच्या ओट्यावर बसते. तिला काचेची नळी लांबून दिसत नाही. म्हणून ती ओरडून विचारते, ‘आई, बाबा, रेघ हलली का?’

नाही हलली, असे आम्ही दोघे सांगतो आणि चिमटा जोडायला घेतो.